जिज्ञासेचा पाचवा हिस्सा

रविवार, ६ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. मी ठणठणीत आहे, तुझी आत्या ठणठणीत आहे, आणि गॅलरीतल्या कुंड्या तर तू गेल्यापासून जास्तच ठणठणीत आहेत, कारण आता त्यांच्यात कुणी उरलेला चहा ओतत नाही. तुझा पूल कुठवर आला? दोन्ही काठांवरून निघालेली माणसं मधोमध भेटायची राहिली आहेत, असं तू लिहिलं होतंस. भेटली की कळव.

फोन न करता पत्र लिहिते म्हणून हसू नकोस. एक तर तुझ्या साइटवर आवाज येतो तो विहिरीतून आल्यासारखा. दुसरं म्हणजे फोनवर तू माझ्या अर्ध्या वाक्याला "कळलं गं आई" म्हणतेस आणि माझं उरलेलं अर्धं वाक्य तोंडातच राहतं. कागद मधे बोलत नाही.

आधी एक किरकोळ प्रश्न. तुझ्या टेबलाच्या खालच्या खणात नेलपॉलिशच्या जुन्या बाटल्या आहेत. त्या तुला नको असतील असं मी धरून चालले आहे. म्हणजे कुणाच्या उपयोगी पडल्या तर हरकत नसावी. जांभळी विशेष.

आता ऑफिसची बातमी. ट्रस्टमध्ये यंदा माझ्या गळ्यात एक मोठं काम पडलंय. खरं सांगायचं तर मीच मान पुढे केली होती. थोरल्या साहेबांनी पंपाच्या कारखान्यातला पैसा ट्रस्टमध्ये ठेवला तेव्हा लिहून ठेवलं होतं की काही रक्कम निव्वळ जिज्ञासेसाठी खर्च व्हावी. ज्या शोधाचा आज काही उपयोग सांगता येत नाही, त्यासाठी. पण "काही" म्हणजे किती, ते लिहायचं राहिलं. इतकी वर्षं पद्धत अशी की चष्मे, पंप, दवाखाने या सगळ्यांना देऊन झालं की जे उरेल ते जिज्ञासेला. पाहुणे जेवून गेल्यावर पातेल्यात राहील ते. एखाद्या वर्षी भरपूर राहतं, एखाद्या वर्षी पातेलं खरवडावं लागतं.

तुला ठाऊक आहे, माझं काम म्हणजे दिलेल्या पैशाचं पुढे काय झालं ते जाऊन बघणं. पंप चालतो का, चष्मा नाकावर आहे की पेटीत. या उरल्यासुरल्या पैशाचं काय झालं हे मात्र कुणी बघायला गेलंच नव्हतं. मागच्या वर्षी मी गेले. एका प्रयोगशाळेत काचेच्या टाक्यांची रांग होती आणि सगळ्या कोरड्या. एक वर्ष पैसे आले, माशांच्या तीन पिढ्या वाढवल्या, दुसऱ्या वर्षी आले नाहीत, मासे गेले. पुन्हा पहिल्या पिढीपासून सुरुवात. मला इतका राग आला की मी परतीच्या बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईंना सगळं ऐकवलं. बिचाऱ्या एक थांबा आधी उतरल्या.

तिथून मी एका कॉलेजच्या मागच्या बागेत गेले. तिथे एक प्राध्यापक गुडघ्यांवर बसून भिंतीच्या कडेला बघत होते. त्यांचा विषय असा की गोगलगाय रात्रभर चरायला जाते आणि पहाटे नेमकी आपल्याच जागी परत येते, ती कशी. त्यांनाही आपण एकच वर्ष पैसे दिले होते. ते संपल्यावर ते स्वतःच्या पदरचं घालून काम रेटत होते. गोगलगायी ओळखू याव्यात म्हणून त्यांच्या पाठीवर खाडाखोड करायच्या पांढऱ्या शाईचा ठिपका लावत आणि पावसात तो धुऊन जाई. मी म्हटलं, अहो, नेलपॉलिश लावा. ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी चाकाचा शोध लावलाय.

असो. नमनाला घडाभर तेल झालं. मुद्दा हा की मी मोठ्या बाईंना सांगितलं, जिज्ञासेचा हिस्सा एकदाचा ठरवून टाका. त्या म्हणाल्या, किती, ते तू लिहून आण. सभा पुढच्या महिन्यात. मोठ्या बाई म्हणजे थोरल्या साहेबांच्या पत्नी, हे तुला आठवत असेलच. चौऱ्याऐंशीच्या झाल्या, पण चष्म्यावरून बघतात तेव्हा अजून मी पदर सारखा करते. विश्वस्त तिघंच: त्या, डॉक्टर, आणि मोठ्या बाईंचा मुलगा. मोठ्या बाई त्याला सगळ्यांसमोर "आमचे चिरंजीव" म्हणतात, त्यामुळे साठी उलटलेल्या, टक्कल पडलेल्या, अख्खा कारखाना चालवणाऱ्या माणसाला सगळं ऑफिस चिरंजीव म्हणतं.

चिरंजीवांचा विरोध आहे. आणि ते चुकीचं बोलत नाहीत, इथंच घोडं पेंड खातं. ते म्हणतात, "आज ज्याला दिसत नाही त्याला चष्मा देऊ शकतो तो पैसा तुम्ही पन्नास वर्षांनंतरच्या कदाचितला देताय." याला उत्तर द्यायला मी बसले आहे. शेजारी चहा निवतोय.

आत्या म्हणते की मी हल्ली स्वयंपाक करताना गुणगुणते. तिचे कान वाजतात.

जेवणाकडे लक्ष दे. हेल्मेट घाल.

तुझी,
आई

ता. क. बाटल्यांचं लवकर कळव. म्हणजे कळवलं नाहीस तरी चालेल.


शनिवार, ५ मार्च

प्रिय भिंगरी,

पत्र मिळालं. सहा पानी पत्रात तू पुलाबद्दल दोन ओळी लिहिल्यास आणि उरलेल्या सगळ्या पानांत माझी उलटतपासणी घेतलीस. "हे गोगलगायवाले पावसात छत्री नेतात का, हे तुला कसं ठाऊक?" मी असं कुठे लिहिलं होतं? मागच्या पत्राची प्रत माझ्याकडे नाही, त्यामुळे तू काहीही खपवू शकतेस. नेत नाहीत. विसरतात. मी पाहणीला जाते तेव्हा दिसतं, एवढंच.

आणि हो, बाटल्या त्यांनाच दिल्या. तुझ्या जांभळ्या रंगाची एक गोगलगाय आहे. ती सगळ्यात लांब जाते आणि सगळ्यात उशिरा परत येते. तिला आम्ही तुझं टोपणनाव दिलंय. आम्ही म्हणजे कॉलेजच्या लोकांनी.

आता कामाचं ऐक. पाचवा हिस्सा मागायचा, असं मी ठरवलं. पण हा पाचवा कुठून आला, ते तुला सांगते, कारण तू आकड्यांची माणूस आहेस आणि माझी लबाडी लगेच पकडशील. मी आधी रीतसर हिशेब मांडला. एका शोधाचा फायदा किती जणांना, किती वर्षांनी, आणि शंभरातले किती शोध वाया जातात. पुढच्या पिढीचं सुख आजच्या सुखाइतकंच मोलाचं धरलं तर उत्तर आलं, सगळा पैसा जिज्ञासेला द्या. थोडं कमी मोलाचं धरलं तर उत्तर आलं, दमडीही देऊ नका. मधला कुठलाही आकडा हवा असेल तर तोही काढून देता येत होता. आधी आकडा जन्माला घालायचा आणि मग त्याला गणिताचे कपडे शिवायचे. डॉक्टरांचा युक्तिवाद आणखी गोड आहे. ते म्हणतात, माझं प्रत्येक औषध कुणाच्या तरी रिकामटेकड्या कुतूहलातून आलंय. खरं आहे. पण सोडत लागलेल्या माणसाचा फोटो छापून येतो, न लागलेल्यांचा येत नाही. मी त्यांना तसं म्हटलं. ते रुसले.

शेवटी मी अहवालात सरळ लिहिलं की या आकड्याला गणिताचा आधार नाही. सरकार या कामाला पुष्कळ देतं, पण जिथे चार जणांनी आधीच होकार भरलाय तिथेच देतं. तेव्हा आपण तिथे द्यावं जिथे कुणी देणार नाही, आणि वीस वर्षं सलग द्यावं, कारण कोरड्या टाकीत अर्धा शोध जगत नाही. आणि एवढाच हिस्सा द्यावा की वीस वर्षांत हाती काही लागलं नाही तरी ज्याचा चष्मा राहिला त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून आपण बोलू शकू. माझ्यापुरता तो पाचवा हिस्सा आहे. दुसऱ्याचा वेगळा असेल. असं लिहिणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, पण खोटं लिहायला पेन चालेना.

सभा बुधवारी. पद्धत तुला ठाऊक आहे का? थोरल्या साहेबांनी घालून दिलेली. अर्जदाराला पाच वेळा "मग काय?" विचारायचं आणि पाचव्या उत्तरापर्यंत त्याने कुणाच्या तरी घरात पोचायचं. पंपवाले दुसऱ्यालाच पोचतात. पंप बसला, मग काय? मग पाणी आलं, मग काय? मग पोरीचे हेलपाटे वाचले. झालं. शास्त्रज्ञ तिसऱ्या "मग काय?"ला घाम पुसायला लागतात. या सभेत जिज्ञासेच्या वतीने एकच अर्जदार नमुन्यादाखल येणार आहे. कोण, ते तू ओळखलंच असशील. निवड माझी नाही, डॉक्टरांची आहे. मी फक्त नाही म्हटलं नाही.

आणि इथे मला एक गोष्ट लिहायची आहे, ती लिहिण्याआधी मी उठून दोन कुंड्यांना पाणी घालून आले.

अर्जदार बाहेर गेला की मोठ्या बाई सगळ्यांना विचारतात, "कुणाचा काही संबंध?" ज्याचा संबंध असेल त्याने उभं राहून सांगायचं आणि बाहेर जायचं. शिवाय संबंध निघाला तर त्या अर्जदाराला ट्रस्टकडून काही मिळत नाही, कधीच नाही. मी नियम काढून वाचला. त्यात नातं येतं, भागीदारी येते, देणंघेणं येतं. कुणाची वाट बघणं येत नाही. म्हणजे मी गप्प बसले तर नियम मोडत नाही. मी गप्प बसले तर अहवाल मी स्वतः मांडू शकते आणि कदाचित पाचवा हिस्सा मिळवूही शकते. मी बाहेर गेले तर तो कोण मांडणार? पद्धतच अशी की मांडणारा नसेल तर ज्याचा विरोध सगळ्यात जास्त त्याने मांडायचं. म्हणजे चिरंजीव!

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मी आयुष्यभर लोकांना सुनावत आले. आता मी विचार करते आहे की तो बाब्या माझा आहे की नाही, हे कसं ठरवायचं. त्यांनी कधी काही म्हटलेलं नाही. मीही नाही. दर गुरुवारी पाहणीला जाते, एवढंच. पाहणी दर गुरुवारी करायची असते असं कुठे लिहिलेलं नाही.

आत्या म्हणते, "वहिनी, गोगलगाय अन् पोटात पाय. आम्हाला काय कळत नाही?" ती हे मला म्हणाली की त्यांना, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

सोमवारी पत्र पोस्टात पडेल, तुला मिळेल तोवर सभा होऊन गेलेली असेल. तेच बरं.

तुझी,
आई


शुक्रवार, ११ मार्च

माझ्या भिंगरे,

बस. हेल्मेट काढ. कुणी हाक मारली तर आत्ता वेळ नाही म्हण.

बुधवारी सकाळी मी निळी साडी नेसले, ती बदलून करडी नेसले, आणि पुन्हा निळी नेसले. ऑफिसात पोचले तर गोगलगायवाले आधीच येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसलेले, मांडीवर भोकं पाडलेला डबा. आत ओला पाला आणि चार गोगलगायी, हिरवी, पिवळी, लाल आणि आपली जांभळी. दाखवायला आणल्या होत्या. त्यांचा शर्ट इस्त्रीचा होता. मी तो पहिल्यांदाच इस्त्रीत पाहिला.

सभेच्या खोलीत ते मोठं लांब टेबल आहे ना, जमिनीपर्यंत हिरवं कापड सोडलेलं? त्याच्या एका टोकाला मोठ्या बाई, दोन्ही बाजूंना डॉक्टर आणि चिरंजीव, आणि खाली दाराकडे मी. गोगलगायवाल्यांनी डबा टेबलावर उघडून ठेवला आणि ते बोलले. छान बोलले. पण नुसतं छान बोलून भागत नाही. चिरंजीवांनी बाह्या सरसावल्या.

गोगलगाय घरी कशी जाते ते कळलं, मग काय? मग ती रोज एकाच वाटेने येते का, ते बघता येईल. मग काय? मग ती वासाने जाते की स्वतःचाच माग चाखत, ते कळेल. मग काय? मग एवढ्याशा डोक्यात घर कसं मावतं हे विचारता येईल. मग काय? इथे डॉक्टरांना राहवलं नाही. त्यांनी वाट करून दिली की म्हणजे घरचा रस्ता विसरणाऱ्या म्हाताऱ्यांना उद्या याचा उपयोग होईल, असंच ना? अगं, माझा जीव कानात आला. नुसतं हो म्हणायचं होतं. पण ते म्हणाले, "होईल म्हटलं तर तुम्ही पैसे द्याल, पण मला ते माहीत नाही. मला कळेल ते मी इतरांना सांगेन, एवढंच नक्की."

मी मनात म्हटलं, बुडालो. आणि त्याच क्षणी मला इतका आनंद झाला की मी टेबलाखाली हात घट्ट धरून ठेवले.

एक "मग काय?" उरला होता. तो मोठ्या बाईंनी विचारला. ते म्हणाले, "मग कधीतरी शाळेच्या पुस्तकात त्याच्या दोन ओळी येतील. मुलं त्या पाठ करतील आणि त्यांना वाटेल, हे तर सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊकच होतं."

मोठ्या बाई चष्म्यावरून बघत राहिल्या. "आलं की घरात," म्हणाल्या आणि त्यांनी अर्जदाराला बाहेर थांबायला सांगितलं.

आता पुढचं आमच्या ऑफिसच्या सवयीमुळे झालं. अर्जदार बाहेर गेला का, हे आमच्याकडे खुर्ची बघून ठरवतात. खुर्ची रिकामी म्हणजे माणूस गेला. शिपाईकाकांनी खुर्ची पाहिली, रिकामी होती, दार लावून घेतलं. मी तर अहवालाकडे बघत होते. मोठ्या बाईंनी डोळे मिटले, नेहमीसारखे, आणि विचारलं, "कुणाचा काही संबंध?"

डॉक्टर नाही म्हणाले. चिरंजीव नाही म्हणाले. मी उभी राहिले. तोपर्यंत मी काय करणार हे मला ठाऊक नव्हतं, खरंच. पण ज्या माणसाने आत्ताच एवढ्या मोठ्या पैशाला "मला माहीत नाही" म्हटलं, त्याच्यासाठी मी गप्प बसून खोटेपणा करायचा?

मी म्हटलं, "माझा आहे. नियमात बसणारा नाही, पण आहे. मला या गृहस्थांची वाट बघायची सवय लागली आहे. त्यांना हे माहीत नाही."

आणि टेबलाखालून ठण्ण असा आवाज आला.

कापड हललं. आधी एक हात बाहेर आला, त्यावर आपली जांभळी, शिंगं काढून सगळीकडे बघणारी. पाठोपाठ डोकं चोळत ते. डबा आवरताना एक कमी भरली म्हणून ते खाली वाकले होते. ती मोठ्या बाईंच्या चपलेवर चढून बसली होती आणि त्या पाय हलवतील म्हणून ते श्वास रोखून होते. टेबलाखाली, चौघांच्या पायांत! मला वाटलं धरणी दुभंगावी. त्या फरशीखाली आमच्या लेखा विभागाचे तीन लोक बसतात म्हणून नाही दुभंगली.

डॉक्टरांनी रुमाल तोंडावर धरला. मोठ्या बाईंनी एकदा स्वतःच्या चपलेकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दोघंही बाहेर जा. आणि अहवाल चिरंजीव मांडतील."

व्हरांड्यातल्या त्या बाकाशेजारी पाण्याचं पिंप आहे, तिथे आम्ही बसलो. मधे डबा. मी समोरच्या भिंतीकडे बघत होते, तेही. माझे कान लाल झालेत हे मला आरशाशिवाय कळत होतं. मग ते डब्याच्या झाकणाशी चाळा करत म्हणाले की नियमाप्रमाणे त्यांनीही जाहीर करायला हवं होतं. मी म्हटलं, अर्जदाराला तो नियम लागू नाही.

"तरी करतो," ते म्हणाले. "माझाही संबंध आहे. पहिल्या बाटलीपासून."

भिंगरे, मला रडू आलं नाही. मी हसत सुटले. तेही. शिपाईकाका पिंपाचं झाकण उघडून विनाकारण आत बघत उभे राहिले.

दारावरची झडप उघडी होती. आतून चिरंजीवांचा आवाज येऊ लागला. तुला सांगते, त्या माणसाला मी वर्षानुवर्षं शिव्या घातल्या, पण काम अर्धवट करणं त्याच्या रक्तात नाही. माझा अहवाल त्यांनी असा वाचला की जणू कारखान्यातल्या पंपाची चाचणी चाललीय, एकेक भाग सुटा करून. "या आकड्याला गणिताचा आधार नाही" हे वाक्य आलं तेव्हा ते थांबले. हेच खोडायला ते बसले होते आणि ते मीच खोडून ठेवलं होतं. पुढचं वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं. ज्याचा चष्मा राहिला त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून. मग पानं मागे उलटल्याचा आवाज आला. आमच्या मधल्या डब्यात लाल गोगलगाय पाल्यावरून चालत होती आणि आम्ही दोघंही तिच्याकडे असे बघत होतो की जणू निकाल तीच देणार आहे.

दार उघडून मोठ्या बाई स्वतः बाहेर आल्या. आम्ही शाळेतल्या मुलांसारखे उठून उभे राहिलो. त्यांनी सांगितलं ते असं. पाचवा नाही, दहावा हिस्सा. पण वीस नाही, तीस वर्षं, आणि कुठल्याही वर्षी त्याला हात लावायचा नाही, कारखाना तोट्यात गेला तरी. पहिली दहा वर्षं कुणाला "मग काय?" विचारायचं नाही. कोरड्या टाक्यांपासून सुरुवात करायची. माशांना पुन्हा पाणी मिळणार, भिंगरे!

मागून चिरंजीव आले. त्यांना माझं काय पटलं, ते मला विचारायचंच होतं. त्यांनी आपणहून सांगितलं. "तुमचं गणित मला पटलं नाही. पण जी बाई उभी राहून आपल्याच माणसाचं शून्य करून घेते, तिने दिलेला आकडा निदान कुणाच्या सोयीचा नसणार." आणि मग मोठ्या बाईंकडे बघत, "निम्मा तरी धरायला हवा."

हो, शून्य. गोगलगायींना आपल्या ट्रस्टकडून आता कधीच काही मिळणार नाही. मी त्यांच्याकडे बघायला धजत नव्हते. इतकी वर्षं स्वतःच्या पदरचं घालणारा माणूस, आणि मी एका वाक्यात त्याचं दार बंद केलं. ते मात्र मोठ्या बाईंना नमस्कार करून म्हणाले की चालेल, इतरांच्या टाक्या भरल्या हे पुष्कळ झालं, आणि गोगलगायींना तशीही घाई नसते. त्यांना काय हवं असतं, तर ओला पाला आणि रंग.

आम्ही चालत घरी आलो. आत्या जिन्यातच उभी होती. तिने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, डबा पाहिला, आणि म्हणाली, "आत या, पण त्यांना बाहेर ठेवा." आणि मग पाच मिनिटांनी तिनेच डबा उचलून आत आणला, बाहेर ऊन लागेल म्हणून. ते गेल्यावर ती माझ्याजवळ बसली. म्हणाली, "दादा असता तर आज पोट धरून हसला असता, टेबलाखालचं ऐकून." खरंच हसला असता. तुझ्या बाबांचं ते हसणं मला काल दिवसभर ऐकू येत होतं आणि पहिल्यांदाच ते ऐकताना जीव गलबलला नाही, बरं वाटलं. तो गेल्यापासून मी घर नीट सांभाळलं, तुला वाढवलं, जगाच्या पंपांची पाहणी केली. स्वतःची पाहणी करायला मी कधी गेलेच नव्हते. हे मी तुला आधी सांगायला हवं होतं, सभेच्याही आधी. सांगता आलं नाही, कारण तू नाही म्हणशील याची मला त्या तिघा विश्वस्तांपेक्षा जास्त भीती होती. अजून आहे.

गोगलगायवाल्यांनी मला विचारलं आहे. मी उत्तर दिलेलं नाही. म्हटलं, आमच्याकडे एक विश्वस्त पुलावर असते, तिच्याशिवाय ठराव होत नाही.

तेव्हा डोळे मिटून विचारते: कुणाची काही हरकत?

पुलाची दोन टोकं भेटली की ये. त्यांना गोगलगाय घरी कशी येते ते अजून कळलेलं नाही आणि ते फार मजेत आहेत. जांभळी बाटली तळाला गेली आहे. हरकत नसेल तर येताना तीच घेऊन ये, म्हणजे दारात तुझ्या हाताकडे बघूनच मला कळेल.

वाट बघण्याची सवय असलेली,
तुझ्याशी सगळ्यात जुना संबंध जाहीर करणारी,
तुझी आई